आबांची दोनशे बारा गाणी

इंदापुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. आता तिथं चार्जर, हेडफोन आणि मोबाईलच्या काचा विकते. पण पाटीवर अजून 'गाणी भरून मिळतील' असंच लिहिलेलं आहे, कारण पाटी पत्र्याची आहे आणि रंगवणारा वर गेला. परवा कॉलेजातली एक मुलगी ती पाटी वाचून म्हणाली, "काकू, गाणी म्हणजे काय सिलेंडर आहे का, भरून मिळायला?" मी म्हटलं, "सिलेंडरच होता गं. संपला की माणसं यायची."

तिला जे सांगितलं तेच इथं थोडं लिहिते. माझं शिक्षण सातवी. दुकान मालकांचं, म्हणजे आमच्या ह्यांचं. रेडिओ दुरुस्तीचं. ते कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागले आणि दुकान माझ्या गळ्यात पडलं. मला शिकवलं कुणी नाही. बघून बघून कॅसेट भरायला शिकले, मग सीडी, मग कॉम्प्युटर आला आणि मेमरी कार्ड आलं. करंगळीच्या नखाएवढं ते कार्ड, त्यात दोन-दोन हजार गाणी बसायची. माणसं आठवडी बाजाराला यायची, भाजी विकायची, आणि जाताना माझ्याकडं कार्ड टाकून चहाला जायची. परत येईपर्यंत भरून तयार. हे सगळं कायद्यात बसत होतं का? नव्हतं. ज्यानं गाणं म्हटलं त्याला त्यातून काय मिळालं, हा विचार माझ्या डोक्यात फार उशिरा आला. तेव्हा वाटायचं, आपण पाणपोई चालवतोय. पाणपोईवाला पाणी दुसऱ्याच्या विहिरीतून आणत होता, ते सोडा.

आता सगळं ॲपवर आलं. महिन्याला किंवा वर्षाला वर्गणी भरायची आणि जगातलं कुठलंही गाणं लावायचं. मी नावं ठेवत नाही. आवाज स्वच्छ, व्हायरस नाही, गाणाऱ्याला चार पैसे जातात म्हणतात. पण लोकांचा एक गैरसमज काही केल्या जात नाही. भिगवणला हायवेवर मासळीची खानावळ असलेला एक गडी आहे. त्यानं वर्षाची वर्गणी भरली, पाचशे गाणी 'डाउनलोड' करून ठेवली आणि खानावळीत वाजवू लागला. वर्ष संपलं, वर्गणी भरायची राहिली, आणि एका दुपारी सगळी गाणी बंद. नावं दिसतात, वाजत नाहीत. तो तावातावानं माझ्याकडं. "काकी, फोनमधी चोर शिरलाय. गाणी दिसत्यात पण मुकी झाल्यात!"

मी त्याला म्हटलं, "बाबा, तू रान खंडानं घेतलं होतंस, वर्षाच्या भाड्यानं. त्यात आंब्याची झाडं लावलीस. खंडाचं वर्ष संपलं. आता झाडं माझी म्हणून कसं चालंल?"

"पन डाउनलोड केली हुती की!"

"केली होतीस. त्यांच्याच रानात."

त्याला पटलं नाही. मासळी मात्र आणून दिली. तर ॲप काय आणि कार्ड काय, यातला फरक एवढाच. पण तो मला स्वतःला खरा कळला तो वरकुट्याच्या आबांच्या पायी. त्यात माझी चूक झाली होती, आणि चूक लिहायची म्हणूनच हा कागद हातात घेतला आहे.

आबा वरकुट्याचे. भेंडी, वांगी आणि थोडं डाळिंब. वय ऐंशीला आलेलं. काचबिंदूनं नजर गेली. उजेड-अंधार कळतो, माणूस कळत नाही. रान मुलगा बघतो. सून वैशाली इंदापुरातच कॉलेजात शिकवते. आबांच्या पत्नी हिराक्का, त्या अजून भाजी घेऊन बाजाराला येतात आणि गिऱ्हाइकाला वजन करून देताना असं काही बोलतात की ते पुन्हा घासाघीस करत नाही.

आबांकडं एक कार्डाचा रेडिओ होता. चौकोनी डबा, वर पाच बटणं, बाजूला कार्ड घालायची खाच. आता या डब्याची एक खोड ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हे स्वस्तातले डबे गाणी नावाप्रमाणे लावत नाहीत. जे आधी भरलं ते आधी वाजतं, जे नंतर भरलं ते नंतर. आबा वर्षानुवर्षं माझ्याकडून पाच-पाच, दहा-दहा गाणी भरून नेत, आणि ती मागं जोडली जात. अशी दोनशे बारा झाली होती. नजर होती तेव्हा ते बटणाकडं बघून दाबत. नजर गेली तेव्हा अंगठ्याला पाठ झालं होतं. पुढं चार, मागं दोन, पुढं अकरा. बांधावर बसून ते हवं ते गाणं नेमकं लावत. बाकी त्यांना फोन दिसत नव्हता, टीव्ही दिसत नव्हता, पेपर दिसत नव्हता. दिवसभरात दुसऱ्याला न विचारता करता येण्यासारखी एकच गोष्ट त्यांच्या हातात होती, ती ही.

वैशालीनं त्यांच्यासाठी नवा स्पीकर आणला, नुसतं बोललं की गाणं लागणारा. मनानं चांगली पोरगी. तिनं मला आधी फोन केला होता, "काकू, आबांना आता ॲप घेतलंय, बटणं दाबायची कटकटच नको. तुमच्याकडं येतील ते, जुन्या कार्डाचं काय ते बघा."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना तिनं आबांना स्कूटीवरून दुकानात सोडलं. आबांनी कार्ड माझ्या हातात दिलं.

"मंगलबाई, ह्यातली समदी गाणी काढ."

"समदी?"

"समदी. एक बी माघं ठिवू नगंस."

"नक्की ना, आबा?"

"आगं नक्की म्हंजी? त्यासाठीच तर आलोय."

मी कार्ड लावलं आणि फॉरमॅट मारलं. म्हणजे पाटी कोरी केली. मला वाटलं, नवा स्पीकर आला, म्हाताऱ्यानं जुनं सोडलं. वरून माझा शहाणपणा असा, की रिकामं कार्ड हातात कसं द्यायचं? म्हणून पदरची पंचवीस भजनं भरून दिली. आबा म्हणाले, "झालं बी इतक्यात?" मी म्हटलं, "झालं." त्यांनी बंडीच्या खिशाला हात लावला, काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात वरकुट्याकडं जाणारी जीप आली आणि कुणीतरी त्यांना हाताला धरून नेलं.

आपल्या भाषेत सातबारा काढतात, झेरॉक्स काढतात, फोटो काढतात, बँकेतून पैसे काढतात. यात काही नाहीसं होत नाही, उलट हातात येतं. आणि गवत काढतात, काटा काढतात, दात काढतात. यात ते जातं. वीस वर्षं मी हा धंदा केला, दोन्ही 'काढणं' रोज ऐकलं, आणि त्या दिवशी नेमकं चुकीचं ऐकलं. आबांचं कार्ड जुनं झालं होतं, खाचेत सैल बसत होतं. त्यांना त्यातली गाणी काढून नव्या कार्डात घालून हवी होती. नवं कार्ड बंडीच्या खिशात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करते तोच वैशाली आबांना घेऊन उभी. तिचा चेहरा पडलेला. आबा शांत.

"मंगलबाई," ते म्हणाले, "माझ्या रेडिओत देव शिरल्यात. ज्यो दाबावा त्यो इठ्ठल."

मला एका क्षणात सगळं समजलं. वैशाली म्हणाली, "चूक माझी आहे काकू, मी फोनवर नीट सांगितलं नाही." मी म्हटलं, "तुझी नाही. कार्ड माझ्या हातात होतं."

"आता ती न्हाईत का?" आबांनी विचारलं.

आता धंद्यातली गोष्ट. कार्ड फॉरमॅट मारलं की गाणी लगेच मरत नाहीत. गल्लीतल्या घरांच्या नावाच्या पाट्या काढून टाकल्यासारखं होतं. माणसं आत असतात, पोस्टमनला घर सापडत नाही. पण त्या घरात दुसरं बिऱ्हाड घुसलं की आधीचं गेलं. मी पंचवीस भजनांची बिऱ्हाडं स्वतःच्या हातानं आत घातली होती. म्हणजे पहिली पंचवीस घरं गेली. नुसतं चुकून थांबले असते तर सगळं परत आलं असतं. मी चुकून वर उदार झाले.

बारामतीत एक डेटा परत काढून देणारा आहे, त्याच्याकडं मी स्वतः कार्ड घेऊन गेले. पोस्टानं पाठवायचा धीर झाला नाही. त्यानं एकशे सत्त्याऐंशी गाणी परत काढून दिली. गाणी आली, पण नावं गेली आणि क्रमही गेला. फाइल एक, फाइल दोन, फाइल तीन. म्हणजे बिनचेहऱ्याची एकशे सत्त्याऐंशी माणसं माझ्या दारात उभी, आणि कोण कुणामागं उभं राहायचं ते फक्त एका आंधळ्या माणसाला ठाऊक.

मग आबा रोज दुपारी येऊ लागले. वैशाली कॉलेज सुटलं की घेऊन जायची. मी एकेक फाइल लावायची, आबांनी नाव सांगायचं. नावं त्यांची स्वतःची. 'घोड्याचं', 'रडकं', 'थोरलं रडकं', 'टाळ्यांचं', 'तिघी बहिणींचं'. गायकाचं नाव, सिनेमाचं नाव त्यांना नको होतं. मी नंबर लिहून घ्यायची. आणि क्रम कसा काढला? त्यांच्या हातात तो रिकामा डबा दिला, कार्डाशिवाय. ते अंगठ्यानं बटण दाबत आणि तोंडानं म्हणत, "घोड्याचं... टाळ्यांचं... हितं लग्नातलं... हितनं पुढं पाच ती डाळिंब पयल्यांदा लावलं त्या साली भरल्याली." मेल्या डब्यावर बोट चालत होतं आणि गाणी एकामागं एक येत होती. दुकानात आलेली गिऱ्हाइकं चार्जर विसरून बघत बसायची.

वैशालीचं ॲप या कामात उपयोगी पडलं, ते लिहायलाच हवं. गेलेल्या पंचवीसपैकी बरीच गाणी आबांनी दोन ओळी गुणगुणल्या की वैशाली शोधून लावायची. मग कुठलं गाणं ते कळायचं. फक्त ते ॲपमधून कार्डात घालता येत नव्हतं, ते मी माझ्या जुन्या सीड्यांतून भरायची. वैशाली एकदा म्हणाली, "आबा, हे सगळं त्या स्पीकरवर आहेच की. तुम्ही नुसतं बोला."

"बोललो की. म्हनलं, घोड्याचं लाव. त्यानं विंग्रजी लावलं."

"आबा, नीट नाव सांगायचं."

"नीटच सांगितलं. घोड्याचंच हाय त्ये."

नऊ नंबरला घोळ झाला. ॲपवर ते गाणं स्वच्छ मिळालं. आबांनी ऐकलं आणि मान हलवली. "ह्ये न्हाय."

"आबा, हेच आहे. तोच आवाज, तेच शब्द," वैशाली म्हणाली.

"मग खोकला कुठं हाय?"

मला आठवलं. ते गाणं मी एका जलशाच्या कॅसेटवरून भरलं होतं. दुसऱ्या कडव्याआधी पुढच्या रांगेतलं कुणीतरी जोरात खोकतं. ट्रंकेतून ती कॅसेट शोधायला दोन दिवस गेले. लावली. खोकला आला तसे आबा हसले. "व्हय. ह्योच म्हातारा."

असं करत सगळी घरं लागली. एक सोडून. सतरा नंबर.

सोळा आलं, अठरा आलं, मधे अंगठा दोनदा पडला आणि तोंडातून काही आलं नाही.

"आबा, इथं कुठलं होतं?"

"हितं मी दोनदा दाबतो."

"दोनदा का?"

"त्ये हिचं हाय. हिनं भरून घ्यातलं हुतं, एक माझं बी आसू दे म्हनून. लागलं की मी पुढं जातो."

"पण कुठलं गाणं?"

"ऐकलंच न्हाय कवा. सुरू व्हायच्या आत बोट पडायचं."

भरलं मीच होतं. हिराक्का माझ्याच दुकानात आल्या असणार, माझ्यासमोरच उभं राहून गाण्याचं नाव सांगितलं असणार. मला काही म्हणता काही आठवेना. हजारो गाणी भरली, प्रत्येकाला विचारलं 'कुठलं पाहिजे', आणि एकदाही 'का पाहिजे' विचारलं नाही. धंद्यात विचारायचं नसतं, असं आपण म्हणतो.

बाजाराच्या दिवशी भाजी संपवून हिराक्का दुकानात आल्या. रिकामी पाटी उंबऱ्याशी ठेवली. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आक्का, तेवढं सतरा नंबरचं तुमचं गाणं राहिलंय. सांगा कुठलं, आत्ता भरते."

हिराक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग बाकड्यावर बसलेल्या नवऱ्याकडं.

"तुमाला ठावं न्हाय?"

"न्हाय आठवत," आबा म्हणाले.

"इतकी वरसं घरात वाजतंय त्ये."

"वाजतंय कुठं? मी पुढं घालवतो."

"त्येच म्हनते मी." त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "इतकी वरसं पुढं घालवलं. आता न्हाय सांगत."

आबांना न्यायला आलेली वैशाली मधे पडली. "आई, सांगा ना. एका मिनिटात शोधते मी. जगातली सगळी गाणी आहेत ह्यात."

"आसंल की. शोध मग."

"नाव तरी सांगा."

"नाव मी मंगलला सांगितलं हुतं एकदा." आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "व्हय ना गं?"

आबा हळूच म्हणाले, "हिरे, आगं ऱ्हायलं आसंल ध्यानात, सांग की."

"न्हाय. त्या जागंवर तुमचं दुसरं कायबी घाला."

"तसं कसं? जागा तुझी हाय," आबा म्हणाले. मग माझ्याकडं तोंड करून, "मंगलबाई, तितं काय घालू नगंस. पन जागा ठेव. न्हायतर माघलं समदं एकानं पुढं सरकंल आन् माझा अंगठा चुकंल."

हिराक्कांनी पाटी उचलली आणि आबांचा हात धरून स्टँडकडं चालू लागल्या. भांडत चालल्या होत्या की बोलत, ते मला लांबून कळलं नाही.

मी सतराव्या जागी एक सेकंदाची कोरी फाइल घातली. दोनशे बारा पूर्ण झाली, नवं कार्ड दिलं, हुश्श केलं. चार दिवसांनी आबा परत.

"मंगलबाई, सोळावं संपलं की सवयीनं बोट पडतंय. पन त्ये तुझं रिकामं तवर संपल्यालं आसतंय. मग मी एकोनिसाव्यावर जातोय. लई थोडं ठिवलंयस. तितं गाणं हुतं, शिंक न्हवती."

"मग केवढं ठेवू?"

"गान्याएवढं."

मी कॉम्प्युटरवर तीन मिनिटांची कोरी फाइल तयार केली. आवाज नाही, खरखर नाही, काही नाही. आयुष्यात एवढं भरलं, पण तीन मिनिटं काहीच नाही असं भरायची वेळ पहिल्यांदा आली. भरताना एकदा पूर्ण ऐकून बघितलं, बरोबर आहे ना म्हणून. धंद्याची सवय.

त्यानंतर आबा आले नाहीत, म्हणजे कार्ड नीट चालत असणार. वैशाली मात्र मधे चार्जरची वायर घ्यायला आली होती. तिनं त्या स्पीकरची वर्गणी चालू ठेवली आहे, ती स्वतः ऐकते. मी विचारलं, "आबांचं कसं? बोट चुकत नाही ना आता?"

"दाबतच नाहीत काकू."

"म्हणजे?"

"सतरा नंबर आलं की बटणावरचं बोट काढून घेतात. तसेच बसून राहतात अठरावं लागेपर्यंत. परवा पुण्याचे पाहुणे आले होते. रेडिओ गप झाला म्हणून त्यांना वाटलं बंद पडला, आणि त्यांनी उसाच्या भावाचं काढलं. तर आई आतून, भाकरी थापता थापता केवढ्यानं ओरडल्या."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'गप बसा की जरा. माझं गानं लागलंय.'"